एका खणाला तीन ठोकळे: जुनं पुणं उभारायला माइनक्राफ्ट कितपत पुरतं?

शनिवारवाड्याभोवतीच्या पेठा ठोकळ्यांनी उभारायच्या असतील, तर माइनक्राफ्ट या ठोकळे रचण्याच्या संगणकखेळाची जावा आवृत्ती हेच आज सर्वांत भरवशाचं साधन आहे. तिच्यात काय जमतं आणि काय जमत नाही, हे मात्र आधी कळायला हवं. चौक, ओसरी, बोळ, देवडीतून चौकात येणारा उजेड, एका वाड्याला चिकटलेला दुसरा वाडा हे सगळं उत्तम उतरतं. कोरीव लाकूडकाम, तिरपे रस्ते आणि देवनागरी अक्षरं यांत मात्र खेळ कमी पडतो. हे परीक्षण त्या दृष्टीने आहे: पेशवेकालीन पुण्याचा एखादा तुकडा, समजा कसबा पेठ ते शनिवारवाडा एवढा, नीट उभा करायचा तर हे साधन आणि त्याची जोडअवजारं किती उपयोगी पडतात.

सुरुवात मापापासून करावी लागते, कारण बहुतेक कामं तिथेच फसतात. माइनक्राफ्टचा एक ठोकळा म्हणजे एक मीटर. त्यामुळे एकास एक हे प्रमाण सगळ्यांना आपोआप सुचतं. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी नकाशा खात्याने अख्खा देश याच प्रमाणात खेळात आणला होता. शेतं, टेकड्या, किनारे यांना ते माप शोभतं. वाड्याला शोभत नाही. वाडा मीटरवर बांधलेला नाही, खणावर बांधलेला आहे. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, साधारण दीड ते दोन मीटरचा. एकास एक धरलं तर एका खणाला दोन ठोकळे मिळतात: एक खांब, एक मोकळी जागा. ओसरीवर अशी रांग उभी केली की गजांची जाळी दिसते. महिरप बसवायला जागाच उरत नाही.

म्हणून एका खणाला तीन ठोकळे धरा: एक खांब आणि दोन मोकळे. त्या दोन मोकळ्या जागांत वरच्या बाजूला दोन उलटे स्टेअर (पायरीच्या आकाराचे ठोकळे) समोरासमोर बसतात आणि त्यांतून थेट महिरप तयार होते. एकाच निर्णयाने कमान, खांबांची लय आणि कडीपाटाचं अंतर असे तिन्ही प्रश्न सुटतात. हे प्रमाण साधारण दीडपट होतं. अडीच मीटरचा बोळ चार ठोकळ्यांचा होतो आणि पावणेतीन मीटरचा मजलाही चार ठोकळ्यांचा.

दीडपट जगात खेळाडू लहान मुलाएवढा वाटतो ही जुनी अडचण होती. २०२४ मध्ये आलेल्या १.२०.५ या आवृत्तीपासून ती उरलेली नाही. 'अ‍ॅट्रिब्यूट' या आज्ञेने खेळाडूचं 'स्केल' दीडवर न्यायचं. १.८ मीटरचा माणूस २.७ ठोकळे उंच होतो आणि सगळी मापं एकमेकांशी जुळतात. चालण्याचा वेग, उडी आणि पायरी चढण्याची उंची हे गुणधर्म वेगळे आहेत, तेही त्याच आज्ञेने थोडे वाढवून घ्या. नाहीतर माणूस मोठा आणि पावलं जुनीच, अशी चाल विचित्र वाटते. नेहमीची दारं दोन ठोकळे उंच असतात, त्यातून हा मोठा माणूस वाकूनही जात नाही. तेव्हा तयार दारं विसरा. उघडी चौकट ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना उभे ट्रॅपडोअर (पातळ झडपा) लावा, उघडी कवाडं म्हणून ती छान दिसतात.

यातूनच वाड्याचा एक खरा अनुभव हाती लागतो. दिंडी दरवाजातून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून, माणूस वाकूनच आत जातो. खेळात दीडपट खेळाडूची वाकलेली उंची २.२५ ठोकळे होते. दिंडीच्या चौकटीत तिसऱ्या ठोकळ्याच्या वरच्या अर्ध्यात स्लॅब (अर्ध्या उंचीचा ठोकळा) बसवला की मोकळी उंची अडीच उरते. ताठ चालणारा अडकतो, वाकणारा आत जातो. अख्ख्या बांधकामात पाहणाऱ्याच्या लक्षात राहील अशी एकच गोष्ट करायची असेल, तर ही करावी.

आता एक प्रत्यक्ष वाडा घेऊ: मध्यम, एकचौकी, दर्शनी भाग सात खणांचा, खोली नऊ खणांची. खणांची संख्या गुणिले तीन अधिक एक, हे सूत्र लक्षात ठेवा. शेवटचा खांब हमखास विसरला जातो आणि मग भिंत अधांतरी संपते. सात खणांचे २२ ठोकळे, नऊ खणांचे २८. रुंदीत दोन्ही पाख्यांना दोन-दोन खण आणि मध्ये तीन खणांचा चौक. खोलीत पुढे देवडी आणि ओसरी मिळून दोन खण, मग तीन खण चौक, मागे सोपा एक, माजघर दोन, स्वयंपाकघर एक. जाळीवर छेदबिंदू ८० येतात. चौकाच्या पोटातले चार वगळले की खांबांच्या जागा ७६ उरतात. त्यांतल्या बऱ्याचशा भिंतीत जातात, चौकाभोवतीचे बारा मात्र पूर्ण दिसतात. मेहनत त्या बारांवर घ्या.

खांबाची रचना खालून वर अशी: तळखड्यासाठी (खांबाखालच्या दगडासाठी) ब्लॅकस्टोनची 'वॉल', तिच्यावर डार्क ओकच्या फेन्सचे (कुंपणाचे) दोन ठोकळे आणि सर्वांत वर साल काढलेला डार्क ओकचा ओंडका. वॉलचा खांब अर्धा ठोकळा जाड असतो, फेन्सचा पाव ठोकळा. म्हणजे दगड रुंद आणि वरचं सागवान सडपातळ दिसतं, तसंच ते असायला हवं. वर ओंडकाच का? फेन्स शेजारच्या भरीव बाजूला आपोआप चिकटते. महिरपीचे उलटे स्टेअर तिच्या शेजारी आले की ती आडवे हात पसरते आणि कमानीच्या कडेला फाटे फुटतात. ओंडका असं करत नाही. कुठे फेन्सच हवी असेल तर 'डीबग स्टिक'ने तिचे हात बंद करता येतात, पण शेजारचा एखादा ठोकळा हलवला की ते पुन्हा उघडतात. म्हणून ती काठी अगदी शेवटी वापरा.

एक खण नीट जमला की उरलेलं काम वर्ल्डएडिट करतं. हे मोफत मॉड, म्हणजे खेळात बाहेरून घालायची जोड आहे आणि त्याच्याशिवाय पेठ उभारायचं मनात आणू नये. तीन ठोकळे रुंदीचा एक खण निवडायचा, 'स्टॅक' आज्ञेला सहा आकडा आणि दिशा द्यायची, की सात खण उभे. शेवटच्या खांबाची रांग हाताने जोडायची. जुन्या सुतारांनी वाडा खणांत मोजला, आणि इथेही तो खणांतच वाढतो. या जुळणीमुळेच पुण्याच्या वाड्यासाठी हा खेळ काँक्रीटच्या इमारतीपेक्षा जास्त अनुकूल आहे.

आता छप्पर. इथे चूक झाली की वाडा परदेशी दिसू लागतो. स्टेअर वापरून केलेलं छप्पर ४५ अंशांत चढतं. हिमवर्षावाच्या मुलखातल्या घरांना ते ठीक आहे, कौलारू वाड्याला नाही. स्लॅबचं छप्पर एका ठोकळ्याला अर्धा ठोकळा चढतं, म्हणजे साधारण २६-२७ अंश, आणि आपल्या कौलांचा उतार याच्याच जवळपास असतो. सात ठोकळे रुंद पाखा, दोन्ही बाजूंना एक-एक ठोकळा पागोळीसाठी पुढे, म्हणजे आढ्यापर्यंत फक्त दोन ठोकळे चढ. स्टेअरने हाच चढ चार ठोकळ्यांचा झाला असता आणि रस्त्यावरून नुसतं छप्परच दिसलं असतं. चौकाच्या आतल्या कोपऱ्यांत दोन उतार मिळतात, तिथेही स्लॅबला दिशा नसल्याने सांधा आपोआप स्वच्छ येतो.

वरच्या वाड्याला किती स्लॅब लागतात तेही मोजता येतं. पागोळीसह बाहेरचा आयत २४ बाय ३०, म्हणजे ७२०. आतून चौकावर एक ठोकळा पागोळी आल्यावर उघडा भाग ६ बाय ६, म्हणजे ३६. बाकी ६८४ स्लॅब. सर्व्हायव्हल प्रकारात, म्हणजे साहित्य स्वतः गोळा करत, हे करायचं तर तीन ठोकळ्यांतून सहा स्लॅब या हिशेबाने ३४२ विटांचे ठोकळे लागतील. एका ठोकळ्याला चार विटा, म्हणजे १,३६८ मातीचे गोळे भट्टीत भाजावे लागतील. आणि हे एका मध्यम वाड्याचं फक्त छप्पर. पेठ उभारायची असेल तर साहित्य हवं तेवढं देणारा क्रिएटिव्ह प्रकारच वापरा.

कौलांच्या रंगाला खेळात एक मोठी उणीव आहे. टेराकोटाचे रंग कौलांना सर्वांत जवळचे, पण टेराकोटाचे स्लॅबच नाहीत. इतक्या वर्षांत ते आले नाहीत आणि भारतीय घरं बांधणाऱ्याला ही गोष्ट रोज नडते. त्यातल्या त्यात विटांचा स्लॅब सत्तर टक्के, पॉलिश्ड ग्रॅनाइटचा वीस आणि मँग्रोव्ह लाकडाचा दहा, हे मिश्रण दुरून पावसाने काळवंडलेल्या जुन्या नळीच्या कौलांसारखं दिसतं. हे मिश्रण वर्ल्डएडिटच्या 'रिप्लेस'ने टाकताना एक अडचण येते. साधा नमुना दिला तर सगळे स्लॅब खालच्या अर्ध्यात जातात आणि छपराला एकाआड एक भोकं पडतात. प्रत्येक नावाआधी ^ हे चिन्ह लावलं की फक्त जात बदलते, वरचा-खालचा अर्धा तसाच राहतो.

इथेच काळाचाही प्रश्न येतो. चपटी मंगलोरी कौलं बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कारखाना काढल्यानंतरची. त्याआधीच्या छपरावर कौलांच्या सरळ, आखीव रांगा नकोत, म्हणूनच वरचं विस्कळीत मिश्रण योग्य ठरतं. एकूणच, ठोकळा ठेवण्याआधी वर्ष ठरवा आणि त्यावर ठाम राहा. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. विश्रामबागवाडा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला आहे. मंडईची इमारत १८८६ ची, शनिवारवाड्यामागचा नवा पूल १९२३ चा. लक्ष्मी रस्ता पेशव्यांच्या काळी नव्हताच. सवाई माधवरावांच्या काळातलं पुणे म्हणून बांधलेल्या जगात हा रुंद रस्ता सरळ पूर्व-पश्चिम धावताना दिसला, की बाकीच्या मेहनतीवरचा विश्वास उडतो.

ही चूक बहुधा आर्निसमुळे होते. आर्निस हे मोफत, खुल्या स्रोताचं अवजार आहे. नकाशावर चौकोन आखला की ओपनस्ट्रीटमॅपची माहिती आणि जमिनीची उंची घेऊन ते माइनक्राफ्टचं जग तयार करून देतं, प्रमाणही बदलून देतं. मुठा नदीचं वळण, काठाचा उतार, कसब्यातल्या गल्ल्यांच्या रेषा यांसाठी ते फार मोलाचं आहे. पण ते आजचं पुणं देतं. इमारती डब्यांसारख्या येतात, मजल्यांची नोंद नसेल तिथे उंची अंदाजाने येते, आणि नदीकाठी तर जुन्या वस्तीचा मागमूस नसतो, कारण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा शनिवार, नारायण, कसबा या पेठांतले काठावरचे असंख्य वाडे पडले. तेव्हा आर्निसकडून जमीन, नदी आणि रस्त्यांच्या मध्यरेषा एवढंच घ्या आणि इमारती सगळ्या पुसून टाका. १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधल्या पुण्याच्या खंडात पेठांची एकेक करून वर्णनं आहेत. कुठे देऊळ, कुठे हौद, कुठे कोणाचा वाडा हे लावताना आजच्या उपग्रहचित्रापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

तिरप्या गल्ल्यांबद्दल स्पष्टच सांगायला हवं: ठोकळ्यांच्या जगात तिरपी भिंत चांगली दिसत नाही. कसब्यातल्या गल्ल्या सहसा काटकोनात नाहीत. वर्ल्डएडिटने नव्वदच्या पटीत नसलेल्या कोनात फिरवलेला वाडा म्हणजे तुटलेले स्टेअर आणि भोकं पडलेल्या भिंती. यावर चालणारा उपाय एकच आहे. प्रत्येक वाडा सरळच ठेवायचा आणि शेजारच्याच्या तुलनेत काही ठोकळे पुढे-मागे सरकवायचा. रुंदीच्या दर सहा ठोकळ्यांमागे एक ठोकळा सरकवला तर सुमारे साडेनऊ अंशांचा कल मिळतो, दर तीनला एक सरकवला तर अठरा अंशांचा. गल्ली वळल्यासारखी वाटते, कोणतीही भिंत दातेरी होत नाही. खऱ्या कसब्यातही कोणाचा ओटा पुढे, कोणाची देवडी मागे अशीच रेघ असते, म्हणून ही तडजोड खोटी वाटत नाही.

साहित्याच्या बाबतीत २०२० नंतरच्या आवृत्त्यांनी मोठा फरक पाडला. जोत्याला काळा पाषाण हवा. खेळातला 'बेसॉल्ट' नावावरून योग्य वाटतो, पण त्याच्यावर उभ्या रेघा आहेत आणि तो घडीव चिरा दिसत नाही. डीपस्लेट ब्रिक्स आणि पॉलिश्ड अँडेसाइट मिसळून जोतं करा, एक ते दोन ठोकळे उंच. वर विटांचं काम, त्यात १.१९ मध्ये आलेले मड ब्रिक्स घाला, नुसत्या लाल विटांनी वाडा इंग्रजी वखारीसारखा दिसतो. चुन्याच्या गिलाव्याला कॅल्साइट आणि स्मूथ सँडस्टोन. पांढरा टेराकोटा नावालाच पांढरा, प्रत्यक्षात गुलाबट आहे, मोठ्या भिंतीला तो लावू नका.

शनिवारवाड्याच्या तटाला हीच विभागणी ठळकपणे लागते: खाली दगड, वर वीट. नऊ बुरूज आणि पाच दरवाजे. बुरुजांच्या गोलाईला 'सिलिंडर' आज्ञा पुरते. दिल्ली दरवाजाच्या कवाडांवरचे सुळे मात्र कसोटी पाहतात. प्रत्येक कवाडावर ७२ सुळे, नऊ बाय आठच्या मांडणीत. एका ठोकळ्यावर एकच सुळा बसतो, म्हणून साध्या पद्धतीने करायचं तर कवाडच आठ-नऊ ठोकळ्यांचं होईल. २०२३ च्या १.१९.४ पासून 'ब्लॉक डिस्प्ले' नावाची सोय आहे. तिच्यात कोणताही ठोकळा हव्या त्या आकारात आणि हव्या त्या कोनात टांगता येतो. आडवा लाइटनिंग रॉड एक तृतीयांश करून लावला की ७२ च्या ७२ सुळे मावतात. हीच सोय केळफुली हस्तांना (छताखालच्या लाकडी आधारांना), सज्जाच्या कठड्याला, विश्रामबागेच्या दर्शनी भागातल्या सुरूच्या खांबांना वापरता येते. पण प्रत्येक डिस्प्ले ही स्वतंत्र वस्तू असते. अशा वस्तू शेकड्यांनी एका चौकात गोळा झाल्या की साध्या संगणकावर चित्र अडखळू लागतं. दर्शनी दरवाजा आणि एखादा दिवाणखाना एवढ्यापुरतीच ती ठेवा. कोरीवकामाचे नमुने पाहायला शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाइतकी चांगली जागा नाही, वाड्यांचे दरवाजे, खिडक्या आणि हस्त तिथे हाताच्या अंतरावरून पाहता येतात.

उजेड हा या खेळाचा सर्वांत मोठा गुण, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आभाळाचा उजेड उघड्या चौकात पूर्ण पंधरा असतो आणि आत शिरताना दर ठोकळ्याला एकेक कमी होतो. सोप्यावर साधारण अकरा-बारा, माजघराच्या मागच्या भिंतीशी पाचच्या आसपास. माजघर काळोखं, ओसरी निवांत आणि चौक लख्ख, ही वाड्याची चढण कोणतीही युक्ती न करता आपोआप मिळते. म्हणून आत दिवे भरू नका. देवघरात फेन्सच्या खांबावर चार मेणबत्त्या ठेवल्या की समई होते. चूल म्हणून 'कॅम्पफायर' वापरा, त्याच्यापासून आग पसरत नाही. उघडी आग किंवा लाव्हा लाकडी पेठेत ठेवायचाच असेल, तर आधी आग पसरण्याचा नियम बंद करा. अन्यथा एक कडी पेटली की सगळी आळी जाते.

छोट्या वस्तूंत खेळ उदार आहे. तुळशीवृंदावनाला घडीव दगडाच्या वॉलवर कुंडी आणि तिच्यात नेचा. कुंभारवाड्याला १.२० मधले 'डेकोरेटेड पॉट' जसेच्या तसे चालतात. तांबट आळीसाठी तांब्याचे ठोकळे आहेत आणि ते खऱ्या तांब्यासारखे हळूहळू हिरवे पडतात. रोज घासलेली, मठारलेली भांडी हिरवी कशी चालतील? मधाच्या पोळ्याचं मेण लावलं की रंग टिकतो. सगळीकडे मेण लावायचा कंटाळा असेल तर 'रँडम टिक स्पीड' हा आपोआप होणाऱ्या बदलांचा वेग ठरवणारा आकडा शून्य करा. तांबं तसंच राहतं, वेली भिंतीवर पसरत नाहीत आणि वर्ल्डएडिटने लावलेल्या पिंपळाची पानंही गळून पडत नाहीत. प्रदर्शनासाठी बनवलेल्या जगात हा आकडा पहिल्या दिवसापासून शून्यच असावा.

पाणी विसरू नका. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ आला आणि पेठांतले हौद त्यावर भरू लागले. सदाशिव हौद, काळा हौद, नाना हौद, बदामी हौद ही ठिकाणं वस्तीची केंद्रं होती. खेळात हौद एक ठोकळा खोल ठेवा आणि प्रत्येक चौकोनात स्थिर पाणी भरा. वाहतं पाणी सात ठोकळ्यांनंतर संपतं, त्यामुळे जमिनीखालून खरा वाहता नळ करण्याचा प्रयत्न वाया जातो. नळाची खूण म्हणून रस्त्याच्या कडेला उच्छ्वासाचे (नळातली हवा बाहेर सोडणारे) दगडी मनोरे उभारले तर जाणकार लगेच ओळखतो. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं सोळा पाकळ्यांच्या कमळाचं आहे. ते मात्र दीडपटीतही कोनाकोनांचं होतं. पाकळ्यांसाठी स्लॅब आणि स्टेअर मिसळून आकार सुचवण्यापलीकडे साध्या ठोकळ्यांत गती नाही.

रस्त्यांना 'डर्ट पाथ' सर्वांना आवडतो, पण त्याच्यावर भरीव ठोकळा ठेवताच तो साध्या मातीत बदलतो. बाजाराच्या गल्लीत ओटे, पाल, गाड्या ठेवायच्या असतील तर पॅक्ड मड, कोर्स डर्ट आणि ग्रॅव्हल यांचं मिश्रण बरं. ग्रॅव्हलखाली भरीव जमीन असल्याची खात्री करा, नाहीतर ती खाली कोसळते.

देवनागरीबद्दल खेदाने लिहावं लागतं. जावा आवृत्तीत पाटीवर मराठी लिहिता येतं, पण जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. 'श्री' लिहिलं तरी ते धड दिसत नाही. जगभरात एवढ्या मोठ्या संख्येने वाचल्या जाणाऱ्या लिपीला इतक्या वर्षांनंतर हा न्याय मिळू नये, हे खटकतं. २०२४ च्या १.२१ पासून स्वतःची चित्रं डेटा पॅक आणि रिसोर्स पॅक (खेळात घालायच्या फायलींचे संच) वापरून घालता येतात. पाट्या, माहितीफलक, दारावरची श्रीकाराची अक्षरं चित्र म्हणून बनवा आणि भिंतीवर लावा. पेशवेकाळातले कागदपत्र दाखवायचे असतील तर मोडी लिपीसाठीही हाच मार्ग आहे.

कोणती आवृत्ती घ्यायची? संगणकावर २०२२ पासून जावा आणि बेडरॉक एकत्रच मिळतात, त्यामुळे निवड पैशांची राहत नाही. पेठ बांधायला जावाच. वर्ल्डएडिट, आरपार दिसणारा आराखडा दाखवणारं लाइटमॅटिका, खेळाडूचं स्केल, सगळं तिथे आहे. बेडरॉक फोनवर चालतं, त्यामुळे शाळेतल्या मुलांना बांधलेलं जग फिरून दाखवायला ते सोयीचं, पण खेळाडू दीडपट करायला तिथे अ‍ॅड-ऑन लागतं. मॉड टाकायचंच नसेल तर जावातल्या 'स्ट्रक्चर ब्लॉक'ने ४८ बाय ४८ बाय ४८ पर्यंतचा तुकडा साठवता येतो. वरचा एकचौकी वाडा त्यात पागोळीसकट मावतो. एकदा साठवला की आळीत हवा तिथे, नव्वदच्या पटीत फिरवून किंवा आरशासारखा उलटून ठेवता येतो. तरी तीनपेक्षा जास्त वेळा तोच वाडा एका गल्लीत नको. खणांची संख्या बदला, एखाद्याची माडी काढून टाका, एखाद्याचा सज्जा पुढे घ्या.

पैसे खर्च करायचे नसतील तर लुआंटी हा खरा पर्याय आहे. पूर्वी मिनेटेस्ट म्हणून ओळखलं जाणारं हे खुल्या स्रोताचं व्यासपीठ जुन्या संगणकांवरही चालतं, आणि त्याच्या 'मोअर ब्लॉक्स' या मॉडमध्ये उतारांचे तयार ठोकळे मिळतात. कौलारू छपरापुरतं बोलायचं तर ते माइनक्राफ्टपेक्षा सरस आहे. पण वर्ल्डएडिटइतकं पक्कं अवजार, तयार ब्लॉकांची विविधता आणि मदत करणाऱ्यांची संख्या तिथे कमी पडते. शाळेच्या संगणक कक्षासाठी लुआंटी, मोठ्या कामासाठी माइनक्राफ्ट जावा, अशी वाटणी आम्ही सुचवू.

संगणकाविषयी थोडक्यात: खेळाला चार ते सहा जीबी मेमरी नेमून द्या, दृश्याचं अंतर बारा ते सोळा चंक (एक चंक म्हणजे सोळा ठोकळे) ठेवा आणि चित्र वेगाने दाखवणारं सोडियम हे मॉड टाका. दीडपट प्रमाणात चारशे मीटर बाजूचा तुकडा म्हणजे सहाशे बाय सहाशे ठोकळे, एका दमात पेस्ट करू नका. आळी-आळीने जा आणि प्रत्येक मोठ्या आज्ञेआधी जगाची प्रत काढून ठेवा, कारण वर्ल्डएडिटचं 'अनडू' खेळ बंद केल्यावर उरत नाही. नवी आवृत्ती आली म्हणून लगेच जग तिच्यात उघडू नका. मॉड मागून येतात, आणि एकदा पुढे गेलेलं जग मागच्या आवृत्तीत सुखरूप परतत नाही.

गुणांत सांगायचं तर: वस्तुमान, चौक आणि उजेड यांना पाचपैकी पाच. साहित्य आणि रंगांना चार, टेराकोटाचे स्लॅब आले तर पाच. कोरीवकामाला ब्लॉक डिस्प्लेमुळे तीन. तिरप्या गल्ल्यांना दोन. देवनागरीला एक, तोही चित्रांच्या आडवाटेमुळे. नव्याने सुरू करणाऱ्याने आधी अख्खी पेठ हातात घेऊ नये. सात खणांचा एक वाडा, त्याच्यासमोर चार ठोकळ्यांचा बोळ, बोळाच्या तोंडाशी पार आणि हौद, एवढं करावं. ते जमलं की मग पुढची आळी.